अर्ध्या तिकिटावरचा चहा

अमरावती
११ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप मोरोपंत सरांना रागिणीचा नमस्कार, शिट्टी गळ्यातून काढून, नीट वाकून.

परवा फोन केला होता. काकूंनी उचलला आणि म्हणाल्या, "त्यांना फोनवर काही ऐकू येत नाही, आणि ऐकू आल्याचं नाटक मात्र करतात. तू आपलं पत्र टाक." म्हणून टाकते आहे.

तुमच्या खुर्चीवर बसून चार महिने झाले. तुम्ही निवृत्त झाल्यावर अकरा वर्षांत दोन क्रीडा संचालक येऊन गेले, पण कपाटावर अजून तुमच्याच अक्षरातली चिठ्ठी आहे : चेंडू मोजून द्यावे, मोजून घ्यावे. कॉलेजात असताना याच कपाटातला एक चेंडू मी अंजनगावला घरी नेला होता आणि दिवाळीभर बाबांच्या गुरांच्या कोठ्याच्या भिंतीवर आपटत बसले होते. आता कबूल करायला हरकत नाही, चावी माझ्याकडेच आहे.

कामाचं लिहिते. फेब्रुवारीत आपली आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा आहे. संस्थेचे सचिव खुशालरावजी यांनी मला बोलावून जुना ठराव वाचून दाखवला. हॉलचं भाडं तिकिटांतूनच निघालं पाहिजे, ज्या वर्षी निघणार नाही त्या वर्षापासून स्पर्धा बंद. चार दिवसांचं भाडं आता अठ्ठ्याऐंशी हजार आहे. "पाहनारेच नसतीन तं खेळ कोनासाठी मॅडम?" असं म्हणाले. म्हणजे कापूस विकून पैसे न आल्यासारखा चेहरा करून म्हणाले.

गेल्या वर्षीची तिकिटं काढली तर जीव भांड्यात पडला. पन्नास रुपयांची सतराशे नव्वद तिकिटं खपली, भाडं निघून वर दीड हजार उरले. पण सर, गेल्या वर्षी मी स्वतः ते सामने पाहायला आले होते. बाराशे खुर्च्यांच्या त्या हॉलमध्ये दीडशे-दोनशे माणसं, तीही एकमेकांपासून लांब बसलेली. माझ्या रांगेत मी आणि माझी पर्स.

म्हणून मी इंदूबाईंची चहाची बिलं काढली. आपल्या तिकिटाची तुमची पद्धत अजून तशीच आहे : अर्धं तिकीट दारावर फाडायचं, उरलेल्या अर्ध्यावर मध्यंतरात चहा. इंदूबाई ती अर्धी तिकिटं तारेत ओवतात आणि तारेवरून संस्था त्यांना पैसे देते. गेल्या वर्षी चार दिवसांत त्यांच्या तारेत निघाली सातशे एकतीस. तिकिटं जमेच्या फायलीत आणि चहा स्वागतखर्चात, त्यामुळे या दोघांची कधी गाठ पडली नसावी.

वऱ्हाडात हजारावर माणसं फुकटचा चहा सोडून घरी गेली, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. तुम्हाला काही सुचतं का? या वर्षी स्पर्धा बंद पडली तर ती माझ्या हातून बंद पडेल. ज्या स्पर्धेनं मला इथवर आणलं ती बंद करणारी म्हणून मला राहायचं नाही.

तुमची,
रागिणी


जुने शहर, अकोला
१६ नोव्हेंबर २०२४

चि. रागिणीस आशीर्वाद. चेंडूचं मला तेव्हाच माहीत होतं. सुट्टीनंतर तो परत आला, आणि तुझा डावा हात सुधारून आला, म्हणून बोललो नाही.

तुझं पत्र वाचलं. तुला तिथे खेळ शिकवायला नेमलं आहे की चहा मोजायला? प्रेक्षक तिकीट काढतो, थोडा वेळ बसतो, घरी जातो. मध्यंतरापर्यंत थांबलंच पाहिजे असा काही कायदा नाही. शिवाय हल्ली निम्म्या गावाला मधुमेह झालेला आहे. इंदूबाईच्या चहात साखर किती असते हे तुला सांगायला नको. तेव्हा त्या तारेच्या नादी लागू नको.

पहिल्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, आपल्याच मैदानावर अंतिम सामन्याला माणसं कडुनिंबावर चढून बसली होती. एक फांदी मोडली आणि तिघं खाली आले. कोणाला लागलं नाही, पण सामना थांबला तेव्हा खाली पडलेलेच पंचांवर ओरडले, की खेळ का थांबवला. अशी स्पर्धा आहे ती. तिला बंद करण्याची भाषा खुशालरावांनी करू नये.

आता एक व्यवहाराची गोष्ट. यंदा तिकिटं जरा कमी खपतील असा माझा अंदाज आहे. कशावरून ते विचारू नको, इतक्या वर्षांचा अनुभव म्हण. शहरातल्या दुकानदारांकडे आतापासून जाऊन जाहिराती मिळव आणि खड्डा भरून काढ.

इकडे सगळं ठीक. विमलचा उजवा गुडघा फार कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया करा. पुढच्या वर्षी करू असं ठरवलं आहे, ठेव तोवर मोडता येत नाही. मोर्णेच्या पुलावरून भाजीला ती आता एकटी जात नाही, मी पिशवी धरून बरोबर असतो. पिशवी धरणं मला बऱ्यापैकी जमू लागलं आहे.

मोरोपंत


अमरावती
५ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप सर, नमस्कार.

तुमचं ऐकायला हवं होतं. मी तारेच्या नादी लागले आणि घोळ करून बसले.

दुकानदारांकडे गेले. तिघांनी चहा पाजला, एकानं दोन हजार कबूल केले. मग वाटलं, खुशालरावजींना खरी परिस्थिती सांगितली तर ते ठराव थोडा ढिला करतील. दोन्ही आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी लगेच लेखापरीक्षकांना बोलावलं. ते म्हणाले, हजारावर तिकिटांचे पैसे आले आणि माणसं आली नाहीत, म्हणजे कोणीतरी बेनामी रोकड संस्थेच्या खात्यात घुसवतो आहे. संस्थेच्या मानेला फास लागू शकतो.

तिकीट खिडकीवर गेली बावीस वर्षं एकच माणूस बसतो, आपला पुंजाजी. त्याला खुशालरावजींनी माझ्यासमोर उभं केलं.

"पुंजाजी, चोरानं पैसे नेले तं मले समजते. तू आनून ठेवून राहिला. कोनाचे हायेत ते पैसे?"

पुंजाजी म्हणाला, "साहेब, जेवढे पैसे आले तेवढी तिकिटं फाडली. म्या कोनाचं खाल्लं नाही."

"मंग घेतली कोनं?"

"ते मले इचारू नका."

बस्स. त्याला लेखी नोटीस दिली आहे. एकतीस जानेवारीला तो निवृत्त होतो आहे आणि त्याचे पेन्शनचे कागद खुलासा मिळेपर्यंत थांबवले आहेत. अकरा जानेवारीच्या सभेत त्याचं काय करायचं आणि स्पर्धेचं काय करायचं, दोन्ही ठरणार.

काल त्याला मैदानाच्या पायऱ्यांवर गाठलं. म्हटलं, पुंजाजी, तुमच्या घरी सूनबाई आहे, नात आहे, कशासाठी हे अंगावर घेता? तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, शब्द देल्ला हाय कोनाले. आता रिटायर व्हाच्या टायमाले कावून मोडू?"

मला रात्री झोप लागत नाही. माणूस खोटं बोलत नाही हे दिसतं, आणि त्याला या खड्ड्यात मीच ढकललं आहे. तुम्ही बावीस वर्षांतली अकरा त्याच्याबरोबर काढली. तुमचं तो ऐकेल. एक पत्र त्याला लिहाल का, की बाबा, जे असेल ते सांगून टाक?

रागिणी


जुने शहर, अकोला
१२ डिसेंबर २०२४

चि. रागिणी, विमलकाकूचा तुला आशीर्वाद आणि लोणच्याची बरणी. हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. बरणी कुलदीपबरोबर पाठवते, माझा भाचा आहे, बँकेच्या कामाला अमरावतीला निघाला आहे. झाकण घट्ट लावलं आहे पण तरी उभीच ठेव.

तू ह्यांना काय लिहिलंस ते मला माहीत नाही. पत्र आलं तेव्हापासून हे जेवणावरून अर्धे उठतात. काल देवपूजा दोनदा केली. मी विचारलं तर म्हणाले, पुंजाजीच्या नोकरीचं काहीतरी आहे. मग पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं आणि शर्ट धुवायला टाकेनात. पुंजाजी फार सज्जन माणूस. दर वर्षी स्पर्धेला हे गेले की त्याच्याकडेच दुपारची भाकरी खातात. त्याचं काही वाईट होऊ नये.

माझा गुडघा चालू आहे, म्हणजे मी चालते आणि तो बोलतो. पुढच्या वर्षी होईल शस्त्रक्रिया. हे असंच तीन वर्षं म्हणताहेत, पण ठेव अडकली असेल तर माणूस काय करणार? मी काही त्यावरून कटकट करत नाही.

तू मागे लोणच्याची कृती विचारली होतीस, ती सोबत आहे. पाच कार्डांवर मावली. ह्यांच्या ट्रंकेत अशी कार्डं खच्चून भरलेली आहेत, एका बाजूनं छापील आणि दुसरी बाजू कोरी. चांगला जाड कागद आहे. दुधाचा हिशेब, वाण्याची यादी, सगळं मी सहा वर्षं त्यावरच लिहिते. ह्यांना कागद वाया गेलेला खपत नाही, पण ही कार्डं वापरली की काही बोलत नाहीत, नुसतं दुसरीकडे बघतात.

लिंबं पातळ सालीची घे.

तुझी,
विमलकाकू


अमरावती
१८ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप सर,

काकूंचं लोणचं मिळालं. कृतीही मिळाली. पन्नास लिंबं, मीठ, हळद, मेथ्या, हे सगळं आपल्या स्पर्धेच्या पाच तिकिटांच्या मागे लिहिलेलं आहे. तिकिटं गेल्या वर्षीची, सलग क्रमांकाची आणि पूर्ण. दारावरचा अर्धा फाडलेला नाही, चहाचाही अर्धा जागच्या जागी. काकूंना यातलं काही माहीत नाही हे त्यांच्या पत्रावरून कळतं, म्हणून त्यांना काही लिहिलं नाही.

तुम्हाला प्रश्न विचारायला मला लाज वाटते आहे, म्हणून विचारत नाही. फक्त तीन गोष्टी सांगते.

पुंजाजी गप्प आहे तो तुम्हाला दिलेल्या शब्दासाठी. तो शब्द तुम्हीच सोडवू शकता.

सभा अकरा जानेवारीला आहे.

काकू पायऱ्या चढताना कठड्याला धरून थांबतात, मी गेल्या वर्षी तुमच्याकडे आले होते तेव्हा पाहिलं. ठेव अडकलेली नसावी असं मला आता वाटतं.

मी तुमच्यावर रागावले आहे, सर. कधी रागवेन असं वाटलं नव्हतं. तरीही तुमचीच,
रागिणी


जुने शहर, अकोला
२३ डिसेंबर २०२४

चि. रागिणी,

रागावलीस ते योग्यच केलंस. मीही स्वतःवर बराच रागावून पाहिलं, पण आपण आपल्यावर फार वेळ रागावू शकत नाही, लवकरच सबबी सुचू लागतात. सबबी बाजूला ठेवून लिहितो.

आपल्या मैदानावरून स्पर्धा हॉलमध्ये नेण्याचा हट्ट माझा होता. बारा सालची गोष्ट. लाकडी फरशी, छप्पर, आकडे दाखवणारी पाटी, हे सगळं मला हवं होतं. खुशालराव तेव्हाही सचिवच होते. म्हणाले, "मास्तर, भाडं कोन देईन?" मी भर सभेत म्हणालो, गॅलरी देईल, माझा शब्द. त्यावरून तो ठराव झाला. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो, शब्द मात्र नोकरीत राहिला.

अठरा सालापर्यंत गॅलरीनं माझी लाज राखली. त्या वर्षी शेवटच्या दिवशी पुंजाजी म्हणाला, चार हजार कमी पडून राहिले. माझ्या खिशात होते. ऐंशी तिकिटांचे पैसे मी दिले आणि विषय संपला असं समजलो. पुढच्या वर्षी चारशे दहा तिकिटं घ्यावी लागली, त्याच्या पुढच्या वर्षी सहाशे वीस. मग दोन वर्षं साथीमुळे स्पर्धाच झाली नाही. खरं सांगतो, ती दोन वर्षं मला बरं वाटलं. मग तेवीसला नऊशे ऐंशी आणि यंदा, म्हणजे गेल्या फेब्रुवारीत, एक हजार पन्नास. एकूण तीन हजार एकशे चाळीस. दर वर्षी मनाशी म्हणायचो, पोरं जरा चांगली खेळू लागली की लोक परत येतील. पोरं चांगली खेळलीही. लोक आले नाहीत.

पुंजाजीला मी शपथ घातली होती, कोणाला सांगू नको. त्याची एकच अट होती, "सर, पैसे घेतले तं तिकीट नेलंच पायजे, नाही तं म्या चोर होतो." म्हणून ती तिकिटं मी पिशवीत भरून आणायचो. फेकवली नाहीत, त्यावर कॉलेजचं नाव आहे. चहाचा विचार माझ्या डोक्यातही आला नाही. हजार माणसं मी कागदावर बसवली, पण त्यांना चहा पाजायला विसरलो.

तू म्हणतेस ते खरं, ठेव अडकलेली नाही. तिच्यातूनच दर वर्षी काढत होतो. अजून दोन लाख दहा हजार आहेत. एका गुडघ्याला पुरतात. यंदा पुन्हा काढले असते तर पुरले नसते, म्हणून तुला आधीच सुचवून ठेवलं की तिकिटं कमी खपतील. आणि पुंजाजीवर नोटीस आली हे वाचूनही मी दोन आठवडे गप्प बसलो. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या दोन आठवड्यांची.

काल विमलला सांगितलं. तिनं ट्रंक उघडली, एक गठ्ठा हातात घेतला, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दूधवाल्याचे सहा रुपये चुकले तर मी त्याला दारात उभा करते, आणि हिशेब लिहायचे ते कशावर, तर ह्याच्यावर." संध्याकाळी ताट वाढताना म्हणाली, "निदान मला सांगून करायचं. मी नाही म्हटलं असतं, पण सांगायचं." मी तिचे पाय चेपले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं चेपू दिले.

सोबत संस्थेला लिहिलेलं पत्र आहे, सही करून. पुंजाजीलाही वेगळं लिहिलं आहे की शपथ सुटली, आता बिनधास्त बोल. स्पर्धा बंद होणार असेल तर होऊ दे. माझ्या शब्दापायी तिला एवढी वर्षं सलाइनवर ठेवलं, आता सोडवतो.

मोरोपंत


अमरावती
१४ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप सर आणि काकू,

तिळगूळ पाकिटात ठेवला आहे, पोस्टानं त्याचा भुगा केला असेल तरी गोडच मानून घ्या. सभा झाली. सगळं नीट झालं. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

खुशालरावजींनी तुमचं पत्र स्वतः वाचलं, मोठ्यानं. मध्येच चष्मा काढून पुसला. वाचून झाल्यावर पत्राची नीट घडी घातली. मग तेच म्हणाले, "मास्तरांनं शब्द पाळला. मोडाले पायजे होता. एक डाव येऊन सांगतलं असतं, का खुशालराव, गॅलरी खाली हाय, तं म्या काय फाशी देल्ली असती?"

पुंजाजी दारात उभा होता. त्याला आत बोलावून खुर्ची दिली. बावीस वर्षांत त्या खोलीत तो पहिल्यांदा बसला म्हणे. नोटीस मागे घेतली आणि पेन्शनचे कागद त्याच दिवशी सही होऊन गेले. लेखापरीक्षकांनी तुमच्या पत्रावरून सगळी रक्कम देणगी म्हणून दाखवायचं ठरवलं. पावती निघेल, दीड लाख वर सात हजारांची.

आता माझी पाळी होती. मी म्हटलं, साहेब, सरांच्या तिकिटांनी आपलं एक नुकसान केलं. दर वर्षी कागदावर हॉल भरलेला दिसला, म्हणून आपण दर वर्षी तो घेत गेलो. खरा आकडा दिसला असता तर एकोणीस सालीच आपण घरी परतलो असतो. दिवसाला जेमतेम एकशे ऐंशी माणसं येतात. बाराशे खुर्च्यांत ती हरवतात, आणि रिकाम्या खुर्च्या पाहून पुढच्या वर्षी आणखी कमी येतात. आपल्या मैदानाच्या चार पायऱ्यांवर तीच एकशे ऐंशी माणसं खांद्याला खांदा लावून बसतील. दिवे तीन वर्षांपूर्वीच लागलेत. भाडं शून्य. पंच आणि खेळाडूंचं जेवण संघांच्या प्रवेश शुल्कात भागतं, ते आजवर भागतच होतं. भाडंच नाही तर तिकीट कशाला?

सर, हे बोलताना मला वाईट वाटत होतं, कारण लाकडी फरशी तुमची होती. पण तुमच्यापासून आता काही लपवणार नाही, म्हणून इथेही तसंच लिहिलं.

खुशालरावजी थोडा वेळ पेन आपटत बसले. मग म्हणाले, "म्हंजे पैसा बी लागत नाही अन् स्पर्धा बी होते. हे आधी कावून नाही सुचलं कोनाले?" ठराव रद्द झाला. तेरा ते सोळा फेब्रुवारी, आपल्या मैदानावर, संध्याकाळी सहापासून, प्रवेश सर्वांना खुला. चहा इंदूबाईंचा, दहा रुपये, ज्याचा त्यानं घ्यायचा.

सभेतून बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसून थोडी रडले. पुंजाजी पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि शेजारी उभा राहिला. म्हणाला, "सरले सांगा, आता भाकर खायाले लपून येऊ नका."

तुम्ही दोघांनी यायचं आहे. काकूंसाठी खाली खुर्ची ठेवते, पायऱ्या चढायच्या नाहीत. आता राग नाही, फक्त तुम्हाला बघायचं आहे.

रागिणी


जुने शहर, अकोला
१९ फेब्रुवारी २०२५

चि. रागिणी,

चार दिवस तू मैदानावर शिट्टी घेऊन पळत होतीस, त्यामुळे आपलं बोलणं असं झालंच नाही. शिवाय बोललो असतो तरी मला ऐकू आलं नसतं. म्हणून तुझ्या पाठीमागे काय काय झालं ते लिहितो.

पहिल्या दिवशी पायऱ्या अर्ध्या भरल्या, दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त. मैदानाशेजारच्या गल्लीतल्या बायका स्वयंपाक आटोपून आल्या, लहान मुलांना घेऊन. सायकलवरून जाणारे कुंपणापाशी एक पाय टेकून थांबत होते आणि तासभर तसेच उभे राहत होते. कडुनिंबावर कोणी चढलं नाही, त्याबद्दल किंचित वाईट वाटलं. सिमेंटवर चेंडूचा आवाज वेगळा येतो. तो मला ऐकू आला, या कानांनाही.

शेवटच्या दिवशी मध्यंतरात विमलला चहा हवा होता. मी इंदूबाईच्या टेबलापाशी गेलो आणि वीस रुपये पुढे केले. तिनं घेतले नाहीत.

"सर, तुमच्यापासून पैसे कायचे? तुमचे चहा बाकी हायेत माह्याकडं."

मी म्हटलं, कोणते चहा?

"पुंजाजींनं सांगतलं मले. तीन हजार एकशे चाळीस. तिकीट घेतलं, चहा नाही घेतला. मंग तो कुठं गेला? माह्याकडंच हाय ना."

मी तिला समजावू लागलो, की बाई, त्या चहाचे पैसे संस्थेनं तुला कधी दिलेच नाहीत, तू कशाला तोटा सोसतेस. शेजारच्या बाकावर पुंजाजी नव्या सदऱ्यात बसला होता, निवृत्तीचा सदरा. तो म्हणाला, "तोटा नाही होत सर, म्या हिशोब केला. तुमी महिन्याले एक डाव अकोल्याहून आले अन् दोन चहा प्याले, तं एकशे तीस वर्सं पुरते." इंदूबाई म्हणाली, "पुरू द्या की. पन येऊन प्याले लागन, पार्सल नाही देत मी."

मला हसू आलं आणि नेमकं त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. तीस वर्षं जिथे मी शिस्त लावत फिरलो तिथे सगळ्यांच्या देखत रुमाल काढावा लागला. खुशालराव पलीकडेच होते. त्यांनी पाहिलं आणि मुद्दाम झाडाकडे बघू लागले. भला माणूस आहे. त्यांना आधीच सांगायला हवं होतं.

ट्रंकेतली उरलेली तिकिटं मी बरोबर आणली होती, परत करावी म्हणून. तीन हजारांवर माणसं खोटी बसवली होती असं वाटून. पुंजाजी नको म्हणाला. घरी न्या, काकूंना दुधाच्या हिशेबाला होतील. आणि हो, तुझा तो सतराशे नव्वद आणि सातशे एकतीसचा हिशेब मी पुन्हा केला. माझी तिकिटं वजा केली तरी नऊ जणांनी चहा घेतला नव्हता. म्हणजे मधुमेहवाले नऊ होते. मी अगदीच खोटं लिहिलं नव्हतं.

विमलचा गुडघा दहा मार्चला. डॉक्टरांशी बोलणं झालं, पैसे भरले. ती म्हणते, जिना उतरता आला की पहिल्यांदा त्या पायऱ्या चढणार, तिसऱ्या पायरीवरून चांगलं दिसतं असं कुणीतरी तिला सांगितलं आहे. सांगणारा मीच.

शेवटचं आणि मग पुरे. इतकी वर्षं मी या स्पर्धेत एकही सामना धड पाहिला नव्हता. खेळ सुरू झाला की मी गॅलरी मोजायचो. उजवीकडून डावीकडे, मग पुन्हा. अठरा सालानंतर तर चेंडू कुठे आहे याचाही पत्ता नसे, नुसता रिकाम्या खुर्च्यांना गुणिले पन्नास. यंदा अंतिम सामन्याला सवयीनं मोजायला लागलो, चाळीसपर्यंत आलो, आणि तुझ्या त्या बुटक्या मुलीनं दोघींमधून शिरून डाव्या हातानं चेंडू टाकला. आकडा विसरलो. परत मोजलं नाही. शेवटची शिट्टी होईपर्यंत फक्त सामना पाहिला. तिला डावा हात कोणी शिकवला ते ओळखलं.

मध्यंतरात विमलनं एक कप घेतला आणि मी एक. तीन हजार एकशे अडतीस उरले आहेत. एप्रिलात येतो.

मोरोपंत